टकरीचा हिशेब आणि न्यायाचा हिशेब

सुशिक्षित माणसांच्या संभाषणात भौतिकशास्त्राची जी दोन-चार वचने सहजगत्या येऊन जातात, त्यांत क्रिया आणि प्रतिक्रिया यांच्या समानतेविषयीच्या न्यूटनच्या वचनाइतके लोकप्रिय दुसरे क्वचितच असेल. एखाद्या लबाड व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले, की आपण समाधानाने म्हणतो, शेवटी क्रिया तशी प्रतिक्रिया! एखाद्याच्या घरी तरणाताठा मुलगा अकस्मात गेला, तर समाचारास आलेले गृहस्थ घसा खाकरून सांगतात, की केलेले कर्म कधी नाश पावत नाही, आणि आता विज्ञानानेही तेच सिद्ध केले आहे. गावात दंगल उसळून निरपराधांची घरे जळाली, तर कोणी पुढारी ती केवळ प्रतिक्रिया होती असे म्हणून मोकळा होतो. पहिल्या ठिकाणी हे वचन फलश्रुतीसारखे येते, दुसऱ्या ठिकाणी सांत्वनासारखे, आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क वकीलपत्र घेऊन येते. बोलणारा प्रत्येक वेळी असे सुचवीत असतो, की मी माझे मत सांगत नसून सृष्टीचा नियम सांगत आहे.

हा नियम, आणि त्याच्याच पोटी येणारा संवेगाचा नियम, मी महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. त्या अनुभवाने माझे असे मत झाले आहे, की वरील तिन्ही उपयोगांपैकी एकासही या नियमाचा आधार नाही. इतकेच नव्हे, तर दोन वस्तूंच्या टकरीचे गणित नीट शिकलेल्या माणसाच्या तोंडून असले उद्गार निघूच नयेत. ते निघतात, यावरून आपण गणित शिकलो पण त्या गणिताची मर्यादा शिकलो नाही, असे म्हणावे लागते. ही मर्यादा कोणती, आणि ती ओळखल्याने आपल्या नीतिविचारात काय फरक पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहू. वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. वेगास दिशा असते, म्हणून संवेगासही दिशा असते; उजवीकडे जाणारा संवेग धन धरला तर डावीकडे जाणारा ऋण धरावा लागतो. दोन वस्तूंची टक्कर झाली आणि बाहेरून तिसऱ्या कोणी ढकलले वा अडविले नाही, तर टकरीपूर्वी दोघींच्या संवेगांची जी बेरीज होती तीच टकरीनंतर राहते. सारख्या वजनाच्या दोन काचेच्या गोट्या घ्याव्या. एक स्थिर ठेवून दुसरी तिच्यावर सरळ रेषेत मारावी. मारलेली गोटी जवळजवळ जागच्या जागी थांबते आणि दुसरी तिच्याच वेगाने पुढे जाते. कॅरमच्या पटावर असे होत नाही, कारण स्ट्रायकर सोंगटीहून सुमारे तिप्पट जड असतो. तो सोंगटीवर नेमका मधोमध आदळला आणि टक्कर पूर्ण लवचीक मानली, तर स्ट्रायकर आपल्या निम्म्या वेगाने पुढे सरकत राहतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. तीन एककांचा वेग एकपट असताना संवेग तीन होता. नंतर स्ट्रायकरपाशी दीड आणि सोंगटीपाशी दीड, म्हणजे बेरीज पुन्हा तीनच.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्याच्या सहसा ध्यानात येत नाही, आणि तीच या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. टकरीनंतर दोन वेग काढावयाचे असतात, आणि संवेगाचा नियम समीकरण देतो एकच. दोन अज्ञात राशी आणि एक समीकरण, एवढ्यावर उत्तर निघत नाही. दुसरे समीकरण त्या वस्तूंच्या जातीवरून मिळवावे लागते. त्या काचेच्या आहेत की चिखलाच्या, एकमेकींवरून उसळतात की एकमेकींस चिकटतात, हे ठाऊक असावे लागते. मनमाडच्या यार्डात घरंगळत आलेली मालगाडीची वाघीण तेवढ्याच वजनाच्या उभ्या वाघिणीस धडकून जोडली जाते, तेव्हा दोन्ही मिळून निम्म्या वेगाने पुढे जातात. संवेगाची बेरीज तीच राहते. परंतु गतिज ऊर्जेपैकी निम्मी त्या एका दणक्यात आवाज, उष्णता आणि लोखंडाचे दबणे यांत खर्च होते. त्याच दोन वाघिणी पोलादी गोळ्यांप्रमाणे उसळणाऱ्या असत्या, तरीही बेरीज तीच राहिली असती आणि ऊर्जा मात्र वाचली असती. सारांश, नियम एकूण रकमेची हमी देतो. तिची वाटणी कशी व्हावी आणि त्या व्यवहारात मोडतोड किती व्हावी, याविषयी तो मौन धरतो.

हा नियम माणसाच्या हाती कसा आला, याचा इतिहासही बोधप्रद आहे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की ईश्वर अविकारी असल्यामुळे त्याने विश्वात घातलेली गतीची एकूण मात्राही अविकारी असली पाहिजे. विचार भव्य होता, पण त्याने गतीची दिशा हिशेबात धरली नाही, आणि त्यामुळे त्याचे टकरीचे बहुतेक नियम चुकले. लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली तर ती नुसती परत फिरेल, मोठीस तसूभरही हलवू शकणार नाही, असा त्याचा एक नियम होता. पटावरची सोंगटी उलट स्ट्रायकरवर मारून कोणीही तो खोटा पाडू शकेल. पुढे १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला आणि वॉलिस, रेन व हॉयगेन्स या तिघांनी त्याची उत्तरे दिली.

त्यांपैकी हॉयगेन्सची युक्ती आपल्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकणारी आहे. त्याने एक संथपणे चाललेली नाव कल्पिली. नावेतला मनुष्य दोन गोळ्यांची टक्कर घडवून आणतो आणि काठावरचा मनुष्य ती पाहतो. आपण ही नाव गोदावरीच्या पात्रात आहे असे समजू. नावेतल्या माणसास दिसते, की डावा गोळा स्थिर होता आणि उजवा येऊन त्यावर आदळला. नावेचा वेग नेमका बेताचा असला, तर काठावरच्यास उलट दिसते. उजवा स्थिर होता आणि डावाच त्यावर जाऊन आदळला. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. संवेगाचा हिशेब दोघांचाही बरोबर जुळतो. याचा अर्थ असा, की कोणी कोणास मारले हा प्रश्न टकरीच्या शास्त्रात प्रश्नच नव्हे. मारणारा आणि मार खाणारा ही केवळ पाहणाऱ्याच्या जागेवरून पडलेली नावे होत. ज्या शास्त्रास आक्रमक कोण हे सांगता येत नाही, किंबहुना जे शास्त्र तो भेद पुसून टाकूनच उभे राहिले आहे, त्यास दंडनीतीचा आधार म्हणून पुढे करणे किती विपरीत आहे!

वर्गात हा विषय निघाला, म्हणजे दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी एका जागी अडतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा ट्रक आणि समोरून येणारी मोटारसायकल यांची टक्कर झाली, तर दोघांवर सारखेच बल पडले असे पुस्तक म्हणते. हे त्यास पटत नाही. मग फळ्यावर आकडे मांडावे लागतात. ट्रकचे वस्तुमान १०,००० किलो, स्वारासह मोटारसायकलचे २०० किलो, आणि दोघांचा वेग ताशी ५४ किलोमीटर, परस्परांच्या विरुद्ध दिशेने. टक्कर होऊन दोन्ही एकत्र अडकली असे धरले, तर ट्रकचा वेग ताशी जेमतेम दोन किलोमीटरांनी कमी होतो. आणि मोटारसायकल, जी ५४ च्या वेगाने एका दिशेस चालली होती, ती सुमारे ५२ च्या वेगाने उलट दिशेस फेकली जाते. म्हणजे तिच्या वेगात सुमारे १०६ किलोमीटरांचा फरक क्षणार्धात पडतो. बल दोघांवर सारखे, संवेगातील बदलही सारखा. वेगातील बदलाचे प्रमाण मात्र एकास पन्नास. ट्रकचालकास हिसका बसतो, मोटारसायकलस्वाराचा प्राण जातो.

विद्यार्थ्यास गणित कळते. तरी त्याच्या चेहऱ्यावरचे असमाधान जात नाही. आपण शिक्षक मंडळी त्यास त्याचा गैरसमज म्हणतो, आणि परीक्षेपुरता तो गैरसमज आहेही. परंतु माझ्या मते त्याची ती अडखळ निव्वळ अज्ञानाची नाही. तिच्या मुळाशी न्यायबुद्धी आहे. दोघांना सारखेच लागले, हे वाक्य ऐकताच त्याचे मन बंड करून उठते, कारण दोघांना सारखेच लागलेले नाही हे त्याने रस्त्यावर पाहिलेले असते. बल समान म्हणजे हानी समान, असे नियमाने कधीच म्हटले नव्हते. ते आपण आपल्या पदरचे जोडतो. समाजातही हेच घडते. एकाच कायद्याचा, एकाच करवाढीचा, एकाच दुष्काळाचा धक्का सर्वांना सारखा बसला असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा ज्याचे वस्तुमान थोडे त्याच्या आयुष्याचा वेग किती बदलला, हे विचारणारा विद्यार्थी मला वर्गात हवासा वाटतो.

आता कर्मविषयक युक्तिवादाकडे वळू. मराठी पाठ्यपुस्तकांत या नियमास संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत असे म्हणतात. अक्षय्य हा शब्द आपल्या घरात अक्षय्य तृतीयेच्या निमित्ताने आलेला आहे; नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि खानदेशात तर आखाजी हा वर्षातील मोठा सण. त्या दिवशी दिलेले दान क्षय पावत नाही, ही श्रद्धा मुलाच्या कानावर लहानपणापासून असते. तेव्हा संवेग अक्षय्य आहे असे ऐकताच त्याच्या मनात पुण्य अक्षय्य आहे हे वाक्य आपोआप जागे व्हावे, यात नवल नाही. वडीलधारी माणसेही हा शब्दबंध मोठ्या कौतुकाने दाखवितात.

परंतु शब्द एक असला तरी सिद्धांत एक नाहीत; ते परस्परविरुद्ध आहेत. आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धांताची गरज सांगताना दोन दोषांची नावे घेतली आहेत. केलेल्या कर्माचे फळ न मिळताच ते नष्ट होणे, यास कृतनाश म्हणतात. आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे, यास अकृताभ्यागम म्हणतात. जगात हे दोन्ही दोष नसावेत, म्हणून कर्मसिद्धांत प्रत्येक जीवाचे स्वतंत्र खाते उघडतो आणि ते खाते त्याच्यापुरते अक्षय्य ठेवतो. संवेगाचा नियम नेमका याच्या उलट आहे. त्यात वैयक्तिक खाते मुळी नाहीच. अक्षय्य आहे ती केवळ सर्वांची मिळून बेरीज. आघात करणारी गोटी आपला सगळा संवेग गमावून थांबते, हा कृतनाश. उभी असलेली गोटी न कमावलेल्या वेगाने चालू लागते, हा अकृताभ्यागम. दर्शनकारांना जे दोन दोष असह्य वाटले, तेच प्रत्येक टकरीत नियमाने घडतात! कर्मसिद्धांत खरा की खोटा, हा प्रश्न मी येथे उपस्थित करीत नाही. त्यास इतर आधार असतील. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक संबंध प्रकरण खर्ची घातले आहे, आणि ज्यास हा वाद करावयाचा असेल त्याने तो त्या भूमीवर करावा. टकरीचे शास्त्र साक्षीस बोलावू नये, कारण त्याची साक्ष उलट पडेल.

यावर एक चतुर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. आक्षेपक म्हणेल, की शास्त्रज्ञांचाही हिशेब कधी कधी जुळत नाही, आणि तेव्हा तेही अदृष्टाचा आश्रय करतात. ही गोष्ट खरी आहे. काही किरणोत्सर्गी अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा ऊर्जेचा हिशेब तुटीचा येतो असे आढळले होते. नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ तेथे अक्षय्यतेचा नियम सोडून देण्याचा विचार करू लागला होता. १९३० साली पाउली यांनी असे सुचविले, की तुटीची रक्कम एखादा न दिसणारा कण घेऊन जात असला पाहिजे. मग पूर्वजन्मीचे अदृष्ट मानणाऱ्याने वेगळे काय केले?

फरक दोन आहेत, आणि दोन्ही मोठे आहेत. पाउली यांच्या अदृष्टास विद्युद्भार किती असावा, त्याचे वस्तुमान किती कमी असावे, त्याने किती ऊर्जा नेलेली असावी, हे आधीच बांधून दिलेले होते. ते चुकण्याची जोखीम त्याने पत्करली होती. त्याचा शोध चालू राहिला, आणि १९५६ साली रेनेस व कोवन यांनी तो कण प्रयोगाने पकडला. अज्ञात कारणास अदृष्ट म्हणण्याची पद्धत आपल्याकडेही जुनी आहे; सुई लोहचुंबकाकडे सरकते तिचे कारण अदृष्ट होय, असे वैशेषिक सूत्रांत सांगितले आहे. तेथे अदृष्ट म्हणजे पुढे शोधावयाच्या कारणासाठी राखून ठेवलेली जागा, असे समजले तर त्यात काहीच वावगे नाही. ती जागा चुंबकत्वाच्या शास्त्राने पुढे भरूनही काढली. परंतु तरुण मुलाच्या मृत्यूचे कारण पूर्वजन्मात आहे असे म्हणणारा शोध सुरू करीत नाही, तर बंद करतो. रुग्णवाहिका वेळेवर का आली नाही, रस्त्यावरचा खड्डा किती दिवस तसाच होता, हे प्रश्न त्यानंतर विचारलेच जात नाहीत. दुसरा फरक याहून गंभीर आहे. पाउली यांच्या हिशेबातील तूट कोणाच्याही माथी मारलेली नव्हती. आपण मात्र तुटीचा बोजा ज्याच्यावर दुःख कोसळले आहे त्याच्याच खात्यावर टाकतो. सांत्वनाच्या मिषाने त्या माणसास आरोपी करतो.

सूडाचे समर्थन करणाऱ्याचा युक्तिवाद याहूनही दुबळा आहे, परंतु परिणामाने अधिक भयंकर आहे. न्यूटनच्या नियमातील प्रतिक्रियेचे दोन गुण ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. ती क्रियेच्या त्याच क्षणी घडते, आणि ज्या वस्तूने बल लावले नेमक्या त्याच वस्तूवर घडते. मी भिंतीस ढकलले, तर भिंत मलाच, आणि मी ढकलीत असेतोपर्यंतच ढकलते. ती रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी माझ्या शेजाऱ्यास ढकलीत नाही. सूडाचे लक्षण मात्र हेच, की तो मागाहून येतो आणि बहुधा भलत्यावरच कोसळतो. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात ज्यांचा त्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरे, केवळ मारेकरी त्या जातीचा होता म्हणून, जाळण्यात आली. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत हजारो निरपराध शिखांचे बळी गेले. या दोन्ही प्रसंगी प्रतिक्रिया हा शब्द वापरणे म्हणजे माणसांनी केलेल्या कृत्याची सही सृष्टीकडून करवून घेणे होय. आग लावणाऱ्या हातास मेंदूने आज्ञा दिलेली असते. गोटीस मेंदू नसतो.

तरीपण माणूस खरोखरच गोटीसारखा होतो असे प्रसंग येतात, हेही मान्य केले पाहिजे. २७ ऑगस्ट २००३ रोजी आमच्या नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाच्या बाजूस जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा अंत झाला. अंगास अंग भिडलेल्या गर्दीत मागून आलेला रेटा प्रत्येक मनुष्य पुढच्यास देतो. देण्याची इच्छा असो वा नसो, तो थांबविणे त्याच्या हाती नसते. प्रत्येक जण खरेच सांगतो, की मी ढकलले नाही, मला मागून ढकलले. एका ओळीत चिकटून ठेवलेल्या गोट्यांपैकी पहिलीस टोला दिला तर मधल्या गोट्या हलल्यासारख्याही दिसत नाहीत, आणि धक्का शेवटच्या गोटीस जाऊन बसतो. गर्दीत त्या शेवटच्या ठिकाणी भिंत असते, कठडा असतो, अथवा तोल जाऊन खाली पडलेले एखादे वृद्ध माणूस असते.

मग अशा वेळी दोष कोणाचाच नाही काय? येथे टकरीचे शास्त्र आपणांस एक उपयुक्त सवय लावते. त्याचा पहिला प्रश्न नेहमी असा असतो, की हिशेबात कोणकोणत्या वस्तू धरल्या आहेत. फक्त गोट्या धरल्या तर जमिनीवरील घर्षणाने संवेग नाहीसा झालेला दिसतो. पृथ्वीही हिशेबात धरली, म्हणजे तो तिच्या पदरी सापडतो. तसेच गर्दीचे आहे. गर्दीत सापडलेली माणसे तेवढी हिशेबात धरली तर अपराधी सापडत नाही, आणि मग आपण दैवाचे नाव घेतो. वर्तुळ थोडे मोठे केले, म्हणजे वाट किती रुंद ठेवावी, येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची वाट वेगळी असावी की नाही, एका वेळी किती लोक आत सोडावे, हे ज्यांनी गर्दी जमण्यापूर्वी शांतपणे बसून ठरविले, किंवा ठरविले नाही, ती माणसेही हिशेबात येतात. त्यांना तर कोणी मागून रेटा दिलेला नव्हता. जेथे माणसाची गोटी होते तेथे जबाबदारी नाहीशी होत नाही. माणूस अजून माणूस असतानाच्या क्षणाकडे ती सरकते.

आता एवढे सर्व नाकारल्यावर या नियमापासून आपल्या आचरणास उपयोगी असे काहीच घ्यावयाचे नाही काय? घ्यावयाचे असल्यास उपमा म्हणून घ्यावे, प्रमाण म्हणून नव्हे. आपल्या नैयायिकांनी उपमानास प्रमाणाचा मान दिला आहे खरा, पण तो अमुक शब्दाचा अर्थ अमुक वस्तू हे ओळखण्यापुरताच. गवा गाईसारखा असतो एवढ्यावरून त्याचे दूध काढावयास कोणी बसत नाही. ही सावधगिरी ठेवून दोन गोष्टी सांगता येतील.

पहिली गोष्ट काळाची. वेगात असलेली वस्तू थांबवावयाची म्हणजे तिचा सगळा संवेग कोणीतरी घेतलाच पाहिजे. त्यात सवलत नाही. परंतु तो एका क्षणात घ्यावा की सावकाश घ्यावा, हे आपल्या हाती असते, आणि जितका काळ अधिक तितके बल कमी. क्रिकेटचा चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो तो याचसाठी. शिरस्त्राणातील मऊ थर डोके वाचवितो तो याच कारणाने. कसारा आणि इगतपुरी यांच्यामधील थळ घाटात लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. असल्या घाटांत उतारावर ताबा सुटलेली गाडी चढत्या फाट्यावर वळवून हळूहळू थांबविण्याची योजना केलेली असते. गाडीचा संवेग तेथेही शेवटी पृथ्वीसच मिळतो, आणि खाली दरीत कोसळूनही तिलाच मिळाला असता. बेरीज दोन्हीकडे एकच. मधल्या काळात माणसे वाचतात. घरातला एखादा कठोर शब्द, समाजातला एखादा अपमान, यांचा आघात चुकविता येत नसेल, परंतु त्यास उत्तर देण्यापूर्वी घेतलेला वेळ हा असाच चढता फाटा होय.

दुसरी गोष्ट त्या उरलेल्या समीकरणाची. नियमाने दोन अज्ञात राशींसाठी एकच समीकरण दिले होते; दुसरे वस्तूच्या जातीवरून यावयाचे होते. काचेची गोटी आपण काचेची असावे हे ठरवीत नाही, आणि म्हणून तिच्यास दोष वा श्रेय नाही. मनुष्यासही आपला पिंड सर्वस्वी निवडता येत नाही; पण त्याच्या घडणीत त्याचा थोडा तरी हात असतो, आणि नीतीचा सगळा संसार त्या थोडक्या जागेवर उभा आहे. मिळालेला धक्का तसाच्या तसा पुढच्यास देणे हा गोटीचा धर्म. त्यातला काही भाग स्वतःत जिरविणे हे माणसास शक्य असते. त्याची किंमत पडते, आणि वाघिणीचे लोखंड दबते तसे आपल्यातही काही दबते, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही.

१९१८ साली एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ विदुषीने असे दाखवून दिले, की संवेग अक्षय्य राहतो याचे मूळ अवकाशाच्या समानतेत आहे. सृष्टीचे नियम येथे एक आणि चार पावलांवर दुसरे असे नसतात. तिला कोणतीच जागा अधिक प्रिय नाही. हिच्याइतकी निर्मळ समदृष्टी माणसाच्या कोणत्याही न्यायालयात सापडणार नाही. तथापि ती समदृष्टी उदासीनतेची आहे; टक्कर कोठे झाली, कोणाची झाली, कोणाच्या घरी त्या रात्री दिवा लागला नाही, याची तिला वार्ता नसते. न्यायाची समदृष्टी याहून वेगळी. तिला प्रत्येक जागेकडे वेगळे जाऊन पाहावे लागते, आणि मारणारा कोण, मार खाणारा कोण, हे नावेत बसून नव्हे तर काठावर उतरून ठरवावे लागते.

म्हणून टकरीचे गणित शिकविताना विद्यार्थ्यास एवढेच सांगावे, की या तासापुरती आपली न्यायबुद्धी उपरण्यासारखी खुंटीवर टांगून ठेव. येथे ती आड येईल. परंतु तास संपल्यावर ती विसरून जाऊ नकोस. बाहेर मुंबई-आग्रा रस्ता आहे, आणि तेथे तिची गरज लागणार आहे.